लिंबोळीचं तेल आणि बोअरचं पाणी

आमच्या बीड जिल्ह्यातल्या धारूरकडे कडुनिंबाला नुसतं लिंब म्हणतात आणि त्याच्या बियांना लिंबोळ्या. एका वर्षी कपाशीवर मावा आणि तुडतुडे दिसायला लागले, तेव्हा आमच्या तात्यांनी घाण्यावरून लिंबोळीचं तेल काढून आणलं. लिटरला पाच मिली हे त्यांचं माप, म्हणजे पंधरा लिटरच्या पंपाला पंचाहत्तर मिली. तेल पाण्यात मिसळत नाही हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून आधी साबणाचा चुरा बोअरच्या पाण्यात विरघळवायला घेतला. घटकाभरात बादलीत दही लागल्यासारख्या पांढऱ्या कवड्या झाल्या आणि वर तेलाचा पिवळा तवंग तरंगू लागला. तात्यांनी ते काठीने ढवळलं, फडक्याने गाळलं आणि पंप पाठीवर घेतला. नोझल दोनदा तुंबलं. आठ दिवसांनी बघितलं तर सुरुवातीच्या तासांतला मावा जिथल्या तिथे होता आणि शेवटच्या तासातली पानं कडेने करपली होती.

असं का झालं, ते पंपाच्या आत बघितलं की कळतं. पंप पाणी तळातून ओढतो आणि तेल वर तरंगतं. आधी निघालं ते नुसतं पाणी, शेवटी उरलं ते जवळजवळ निखळ तेल. कपाशीच्या अर्ध्या तुकड्याला औषध मिळालं नाही आणि उरलेल्याला जास्त झालं.

तात्यांनी दोष तेलाला दिला. पण पुढच्या आठवड्यात तोच साबण आणि तेच तेल पत्र्यावरून धरलेल्या पावसाच्या पाण्यात घातलं, तर मिश्रण दुधासारखं एकजीव झालं. फरक पाण्यात होता. बालाघाटच्या डोंगराचा काळा पाषाण मुरलेल्या पाण्याला कॅल्शियम आणि मॅग्नेशियम देतो. त्याच पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही आणि हीटरच्या कांडीवर पांढरी पापडी धरते. साबणाचा कण पाण्यात गेला की त्याच्या टोकाशी ऋणभार येतो, आणि त्या भाराच्या जोरावरच तो पाण्याला धरून राहतो. कॅल्शियमवर दुप्पट धनभार. तो दोन साबणकणांना एकदम पकडतो आणि जी गाठ होते ती पाण्यात विरघळत नाही. बादलीतल्या कवड्या म्हणजे ह्याच गाठी. तेल धरायला नेमलेला साबण वाटेत कॅल्शियमनेच धरला होता.

तेल आणि पाणी यांना एकत्र नांदवणाऱ्या पदार्थाला पाठ्यपुस्तकात पायसकारक म्हणतात, बाजारात इमल्सिफायर. पायस या शब्दाच्या मुळाशी पयस्, म्हणजे दूध. इंग्रजी ‘इमल्शन’ हा शब्दसुद्धा लॅटिनमधल्या धार काढण्याच्या क्रियापदावरून आला आहे. दोन्हीकडच्या माणसांना पहिलं आठवलं ते दूधच, कारण दूध म्हणजे पाण्यात बारीक थेंबांनी पसरलेली चरबी. प्रत्येक थेंबाभोवती एक पातळ पापुद्रा असतो आणि तो थेंबांना एकमेकांत मिसळू देत नाही. तात्यांना पंपात हवा होता तो असाच पापुद्रा, पण कॅल्शियमला न बधणारा.

नॉन-आयॉनिक इमल्सिफायर म्हणजे भार नसलेला इमल्सिफायर. त्याचं एक टोक तेलात रुतणारं, साबणासारखंच. दुसऱ्या टोकाला भार नसतो, तिथे ऑक्सिजन असलेली लांब साखळी किंवा साखरेसारखा तुकडा असतो आणि पाणी त्याला बिलगून राहतं. कॅल्शियमला पकडायला तिथे काही सापडत नाही, म्हणून बोअरच्या पाण्यात त्याच्या कवड्या होत नाहीत. लिंबोळी तेलाच्या बाबतीत आणखी एक फायदा आहे. त्यातलं किडीला आवरणारं द्रव्य म्हणजे अझाडिरॅक्टिन. ते किंचित आंबट पाण्यात टिकतं आणि साबणाच्या, विशेषतः सोडा असलेल्या धुण्याच्या पावडरीच्या, क्षारी पाण्यात लवकर मोडतं. साबण घालून लगेच फवारलं तर भागतं, पण रात्रभर कालवून ठेवलं तर तेलातलं औषधच कमी होतं.

दुकानात गेलं की ‘चांगला इमल्सिफायर द्या’ असं म्हणायची आपल्याला सवय आहे. माझं म्हणणं असं की नुसता चांगला असा इमल्सिफायर नसतोच. अमुक तेलाला, अमुक पाण्यात, अमुक उन्हात, अमुक कामासाठी जो जमतो तो त्या जागी चांगला. निवड इमल्सिफायरच्या डब्यापासून सुरू होत नाही, तेलापासून होते.

अमेरिकेतल्या ॲटलस पावडर कंपनीतले रसायनतज्ज्ञ विल्यम ग्रिफिन यांनी 1949 मध्ये या निवडीला एक आकडा दिला. इमल्सिफायरचा कल तेलाकडे किती आणि पाण्याकडे किती, याचं माप म्हणजे एचएलबी. नॉन-आयॉनिकांसाठी ही पट्टी शून्यापासून वीसपर्यंत जाते. आकडा लहान असेल तर कल तेलाकडे, मोठा असेल तर पाण्याकडे. साधारण तीन ते सहामधले इमल्सिफायर तेलात पाण्याचे थेंब धरतात, आठच्या वरचे पाण्यात तेलाचे थेंब धरतात. त्याआधी 1913 च्या सुमारास रसायनतज्ज्ञ बॅनक्रॉफ्ट यांनी सांगून ठेवलं होतं की इमल्सिफायर ज्यात जास्त विरघळतो, ते बाहेर राहतं आणि दुसरं थेंब होऊन आत जातं.

ग्रिफिनच्या पद्धतीतली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट अशी की आकडा तेलालाही असतो. प्रत्येक तेल विशिष्ट एचएलबी मागतं. ती मागणी ठाऊक नसेल तर शोधायची रीत सोपी आहे. दोन इमल्सिफायर घ्यायचे, एक तेलाकडचा आणि एक पाण्याकडचा. उदाहरणार्थ, स्पॅन 80 चा आकडा 4.3, ट्वीन 80 चा 15. हे दोन्ही सॉर्बिटॉल आणि ओलेइक आम्लापासून बनतात, ट्वीनला वरून ऑक्सिजन असलेली साखळी जोडलेली असते, इतकाच फरक. आठ, दहा, बारा असे आकडे येतील अशी त्यांची मिश्रणं करायची. दहा हवा असेल तर शंभर ग्रॅममध्ये ट्वीन साधारण 53 ग्रॅम आणि स्पॅन 47. बारा हवा असेल तर ट्वीन 72. मग त्याच तेलाने सहा-सात बाटल्या भरायच्या, सारख्या हलवायच्या आणि रांगेत ठेवून द्यायच्या. काही तासांत कुठे तवंग येतो, कुठे वर साय धरते, आणि एखादी बाटली तशीच पांढरी राहते. तिचा आकडा ही त्या तेलाची मागणी.

आणि दोघांची जोडी एकट्यापेक्षा सहसा जास्त टिकते. नुसत्या ट्वीनचं पाण्याकडचं टोक जाडजूड असतं, त्यामुळे थेंबाच्या कडेवर त्यांच्यामध्ये फटी राहतात. स्पॅन त्या फटींत बसतो आणि पापुद्रा घट्ट विणला जातो. कीटकनाशकांच्या कारखान्यात हीच जोडीची युक्ती थोडी वेगळी वापरतात. पाण्यात घालताच पांढरी होणारी जी औषधं असतात, त्यांत बहुधा एक भार असलेला इमल्सिफायर आणि एक नॉन-आयॉनिक, अनेकदा एरंडेलापासून केलेला, असे दोन असतात. त्यांचं प्रमाण बघून मऊ पाणी आणि जड पाणी दोन्ही सांभाळली जातात. अशा औषधांची कसोटी घ्यायला वापरलं जाणारं प्रमाणित जड पाणी लिटरला 342 मिलिग्रॅम जडपणाचं असतं. आपल्या गावच्या बोअरचा आकडा त्याच्याही वर गेला, तर कसोटीला उतरलेलं औषधसुद्धा फुटू शकतं.

नॉन-आयॉनिकची एक नाजूक बाजू आहे, ती दुकानदार सहसा सांगत नाही. पाणी त्याच्या साखळीला बिलगून असतं ते सैल हातांनी. पाणी तापलं की ते हात सुटतात. एका ठराविक तापमानाला निवळ द्रावण एकदम गढूळ होतं, आणि त्याच्या आसपास ‘तेल आत, पाणी बाहेर’ ही मांडणी उलटू शकते. जपानी शास्त्रज्ञ कोझो शिनोदा यांनी 1960 च्या दशकात हे उलटण्याचं तापमानच निवडीची कसोटी म्हणून मांडलं. पाण्यात मीठ जास्त असेल तर ते तापमान आणखी खाली येतं. म्हणून कालवलेलं औषध पत्र्याच्या डब्यात भरून दुपारभर बांधावर ठेवायचं नाही. सकाळी बघितलं तेव्हा ठीक होतं, यावरून दुपारचं काही ठरत नाही.

आता काम कुठलं, हा प्रश्न. मी बराच काळ असं धरून चाललो होतो की पापुद्रा जितका टिकाऊ तितका बरा. पानावर हे खरं ठरत नाही. पाणी वाळता वाळता थेंबाचा पापुद्रा सुटला पाहिजे, तेल पानाच्या मेणावर पसरलं पाहिजे आणि तिथेच राहिलं पाहिजे. इमल्सिफायर जास्त झाला तर दव पडलं की तेल पुन्हा दुधी होऊन ओघळून जातं. पंपात अर्धा तास टिकणारं आणि पानावर मोडणारं, असं मोजकं नातं तिथे हवं असतं.

आइस्क्रीममध्ये हे अधिक ठळक दिसतं. सीताफळाच्या आइस्क्रीमच्या वेष्टनावर 471 किंवा 433 हे आकडे दिसतात, म्हणजे मोनो-डायग्लिसराइड आणि पॉलिसॉर्बेट 80, तोच ट्वीन. वाचणाऱ्याला वाटतं की हे चरबी धरून ठेवायला घातलं असेल. पण दुधातल्या प्रथिनांनी चरबीचे थेंब आधीच घट्ट धरलेले असतात. इमल्सिफायर त्या प्रथिनांना थोडं बाजूला सारतो, म्हणजे घुसळताना थेंब एकमेकांना अर्धवट चिकटतात, त्यांची जाळी होते आणि ती हवेचे बुडबुडे पकडते. आइस्क्रीम वितळायला वेळ लागतो तो त्या जाळीमुळे.

अंगाला लावायच्या मलमात पुन्हा वेगळं. कार्तिकात कारखान्याला ऊस तोडायला जाणाऱ्या आमच्याकडच्या बायकांच्या टाचा थंडीत भेगाळतात. चिखलात आणि पाण्यात उभं राहायचं असेल तर तिथे तेल बाहेर आणि पाणी आत असं, कमी एचएलबीचं मलम हवं. ते चिकट लागतं पण धुतलं जात नाही. चेहऱ्याला लावून लगेच जिरणारं मलम उलट बांधणीचं असतं. टाचेला ते लावलं तर पहिल्या पाण्याला निघून जातं. खाण्यात आणि कातडीवर अर्थात फक्त परवानगी असलेलेच पदार्थ वापरायचे. नोनिलफिनॉलपासून केलेले नॉन-आयॉनिक स्वस्त आणि कामाला उत्तम, पण पाण्यात मोडून उरणारं नोनिलफिनॉल माशांच्या संप्रेरकांत ढवळाढवळ करतं. युरोपने 2003 च्या निर्देशाने त्यांचे बहुतेक वापर बंद केले. ओढ्याकाठच्या शेतात फवारायच्या औषधात ते नसलेलेच बरे, असं मला मनापासून वाटतं.

तात्या आता लिंबोळी तेलाबरोबर एरंडेलापासून केलेला नॉन-आयॉनिक घालतात. आधी तेलात तो मिसळायचा, मग थोडं पाणी घालून घोटायचं, दाट दुधी झालं की उरलेलं पाणी. पण पंप भरण्याआधी ते काचेच्या पारदर्शक बाटलीत आपल्याच बोअरचं पाणी घेतात, त्यात मापाचं मिश्रण घालतात आणि बाटली पंपाशेजारी उन्हातच ठेवून चहाला जातात. परत आल्यावर बाटली उचलून डोळ्यांसमोर धरतात आणि वर पिवळी रेघ आली आहे का बघतात. आली असेल तर त्या दिवशी फवारणी नाही.