हरवलेली तारीख

मराठीत आपण कष्टांची कदर करतो, कलेची कदर करतो, आणि कुणी आपली कदर केली नाही की ते मनाला लागते. हा शब्द मुळात अरबी. रमजानमधल्या सर्वांत मोठ्या रात्रीच्या नावातही तोच आहे: लैलतुल कद्र, आपल्याकडच्या बोलण्यात शब-ए-कद्र. मुकद्दर आणि कुदरत हे त्याच धातूचे शब्द. त्यामुळे या नावाचे अर्थही अनेक लावले गेले. कुणी तिला नशिबाचा निवाडा होण्याची रात्र म्हणतात, कुणी मोलाची रात्र. मला हा दुसरा अर्थ अधिक जवळचा वाटतो. नशीब आपल्या हातात नसते, मोल जाणणे मात्र असते.

कुराणातला ९७ वा अध्याय या रात्रीविषयी आहे. त्यात पाचच आयती आहेत. कुराण या रात्री उतरले, ही रात्र हजार महिन्यांहून श्रेष्ठ आहे, तिच्यात देवदूत खाली येतात आणि पहाट फुटेपर्यंत शांती असते, एवढेच तो अध्याय सांगतो. हजार महिने म्हणजे ८३ वर्षे ४ महिने, एका माणसाचे भरभरून लाभलेले आयुष्य. इ. स. ६१० च्या सुमारास मक्केजवळच्या हिरा गुहेत चाळिशीतल्या मुहम्मद पैगंबरांना पहिला संदेश मिळाला, आणि त्याचा पहिला शब्द वाचण्याची आज्ञा करणारा होता, अशी श्रद्धा आहे. शब-ए-कद्र ही त्या घटनेची रात्र.

एवढ्या मोठ्या रात्रीची तारीख मात्र नक्की नाही. ती का नाही, याची हकिगत सहीह बुखारी या हदीससंग्रहात आहे. ती रात्र कोणती, हे सांगण्यासाठी पैगंबर घराबाहेर आले. तेवढ्यात दोन माणसांचे भांडण जुंपले आणि ते ज्ञान काढून घेतले गेले. कदाचित यातच तुमचे भले असेल, असे सांगून त्यांनी रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांतल्या विषम रात्रींत तिचा शोध घ्यायला सांगितले. म्हणून २१, २३, २५, २७ आणि २९ या रात्री जागवल्या जातात.

तारीख गुप्त ठेवली ती लोकांनी एका रात्रीपुरती भक्ती करू नये म्हणून, असे प्रवचनांत नेहमी सांगतात. ते खरेच आहे. पण हकिगतीतला दुसरा भाग आपण भराभर ओलांडून जातो. तारीख हरवली ती भांडणामुळे. ती दोन माणसे कोण होती, भांडण कशावरून होते, कोणाची बाजू खरी होती, यातले काहीही तिथे महत्त्वाचे ठरलेले नाही. दोघांच्या वादाची किंमत साऱ्या समाजाने मोजली, एवढेच सांगितले आहे.

आता याला आणखी एक गोष्ट जोडून पाहावी. ही रात्र लाभली तर काय मागावे, असे पत्नी हजरत आयेशांनी पैगंबरांना विचारले होते. त्यांनी शिकवलेल्या प्रार्थनेत धन नाही, आयुष्य नाही, शत्रूवर विजयही नाही. क्षमा करणे आवडणाऱ्या ईश्वराकडे क्षमा मागणे, एवढीच ती प्रार्थना आहे. भांडणाने तारीख नेली, प्रार्थना क्षमेची दिली आणि अध्यायाचा शेवट शांतीने झाला. या तिन्ही गोष्टी एकाच दिशेकडे बोट दाखवतात. या रात्रीचा शोध आधी माणसामाणसांतल्या सलोख्याचा आहे, तारखेचा नंतर.

आपण मात्र तारीख ठरवून टाकली. सूर्यास्ताला नवा दिवस धरत असल्यामुळे सव्विसावा रोजा सुटला की सत्ताविसावी रात्र सुरू होते. त्या संध्याकाळी मशिदीवर रोषणाई असते, तरावीहच्या नमाजेत महिनाभर चाललेले कुराणाचे पठण अनेक ठिकाणी त्याच रात्री पूर्ण होते, कुराण मुखोद्गत असलेल्या हाफिजांना हार घातले जातात, मिठाई वाटली जाते. दुसऱ्या दिवसापासून रांगा विरळ होतात. या प्रथेला मी नावे ठेवत नाही. दिवसभर हमाली करणाऱ्याला दहा रात्री जागणे जमत नाही, त्याला एक ठरलेली रात्र आधार देते. शिवाय उबै बिन काब यांच्यासारखे पैगंबरांचे सहकारी सत्ताविसाव्या रात्रीचाच आग्रह धरत. प्रश्न उरतो तो वेगळाच. तारीख पाळली, पण ती ज्यामुळे हरवली ते भांडण मिटवले का?

इतिहासाचे उत्तर क्लेशकारक आहे. शिया परंपरेत १९, २१ आणि २३ या रात्री महत्त्वाच्या आहेत आणि त्यांच्या जागरणात शोकही मिसळलेला आहे. हिजरी ४० मध्ये, १९ रमजानला, कुफ्याच्या मशिदीत पैगंबरांचे जावई हजरत अली यांच्यावर तलवारीचा वार झाला आणि २१ तारखेला त्यांचा मृत्यू झाला. मारेकरी परका नव्हता, मुसलमानच होता. पुढे १४ ऑगस्ट १९४७ च्या मध्यरात्री दोन देश स्वतंत्र झाले, ती हिजरी १३६६ च्या रमजानमधली सत्ताविसावी रात्र होती. पाकिस्तानात हा योग आजही अभिमानाने सांगितला जातो. त्याच रात्री लाहोर आणि अमृतसरमध्ये घरे पेटलेली होती. पंजाबात पिढ्यान्‌पिढ्यांचे शेजारी एकमेकांच्या जिवावर उठले होते. तारीख पवित्र होती, पण तिने कुणाला वाचवले नाही.

घरातही कदर तपासून पाहावी लागते. रमजानच्या अखेरच्या दहा दिवसांत पैगंबर कंबर कसून रात्री जागत आणि घरच्यांनाही उठवत, असे हजरत आयेशांनीच सांगितले आहे. पैगंबरांच्या पश्चात त्यांच्या पत्नी एतेकाफला, म्हणजे उपासनेच्या एकांतवासाला, बसत. म्हणजे ही रात्र पुरुषांच्या मालकीची कधीच नव्हती. आपल्या घरांत त्या दहा दिवसांत बाई जागीच असते, पण सेहरीच्या भाकरी आणि ईदच्या तयारीसाठी. चूल आवरून तिला तासभर निवांत बसता यावे म्हणून भांडी आपण घासली, तर तीही त्या रात्रीची इबादतच ठरेल, असे मला मनापासून वाटते.

आमच्या घरात बांधावरून भांडण होते. अब्बा आणि चाचा, सख्खे भाऊ. हातभर जमिनीसाठी दोघांनी बोलणे टाकले होते. सत्ताविसाव्या रात्री दोघेही मशिदीत येत, एकाच रांगेत उभे राहत, दुआ मागताना दोघांचेही डोळे भरून येत, आणि पायऱ्या उतरल्यावर एक डावीकडे वळे, दुसरा उजवीकडे. मी लहान होतो. दोघे काय मागत असतील, याचा विचार करत अब्बांचे बोट धरून घरी यायचो. अब्बा गेले तेव्हा चाचांनी जनाज्याला खांदा दिला आणि कबरीवर माती टाकताना ते मोठ्याने रडले. बोलायचे मात्र राहून गेले होते.

आता सव्विसाव्या रोजाच्या दुपारी मी गावी जातो. चाचा थकले आहेत, ऐकू कमी येते. आम्ही एकत्र रोजा सोडतो आणि हळूहळू चालत मशिदीकडे जातो. ती रात्र नेमकी तीच असते का, मला माहीत नाही. पायऱ्या उतरताना चाचांचा हात माझ्या खांद्यावर असतो, आणि आम्ही दोघे एकाच बाजूला वळतो.