शरीराने दगा दिला?



आजाऱ्यांच्या भेटीला गेलो की एक वाक्य हमखास कानावर पडते: "फादर, मन तयार आहे हो, पण शरीराने दगा दिला." कुणाचे गुडघे गेलेले असतात, कुणाची कंबर धरलेली असते. ही भाषा आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यात काही चुकत असेल असे वाटतही नाही. पण जरा थांबून विचारू या. दगा देणारा कोण आणि दगा खाणारा कोण? शरीर जर 'ते' असेल, तर मग 'मी' कुठे राहतो?

या प्रश्नासाठी मी उदाहरण आपल्याच जिल्ह्यातले घेणार आहे. हरेगावला मतमाऊलीच्या यात्रेला जाताना आपल्यापैकी अनेकजण श्रीरामपूरवरून जातात. त्याच श्रीरामपुरात ७ ऑक्टोबर १९७८ रोजी झहीर खानचा जन्म झाला. मुंबईत क्लब क्रिकेट, चेन्नईत एमआरएफ पेस फाउंडेशन, बडोद्याकडून रणजी आणि २००० साली भारताच्या संघात प्रवेश, हा त्याचा मार्ग. ९२ कसोटींत ३११ बळी आणि २०० एकदिवसीय सामन्यांत २८२ बळी, ही त्याची कमाई. हे आकडे तरुण मंडळींना पाठ आहेत. मला मात्र त्याने न खेळलेल्या सामन्यांविषयी बोलायचे आहे.

डिसेंबर २००३ मध्ये ब्रिस्बेनला ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्याने एका डावात पाच बळी घेतले. पुढच्याच ॲडलेड कसोटीत भारताने ऐतिहासिक विजय मिळवला. त्या संघात झहीर नव्हता. मांडीच्या मागचा स्नायू, ज्याला खेळाडू हॅमस्ट्रिंग म्हणतात, तो दुखावला होता. मेलबर्नला तो परतला. सिडनीला पुन्हा बाहेर. पुढची दोनतीन वर्षे अशीच गेली. दरम्यान इरफान पठाण, आर. पी. सिंग असे डावखुरे तरुण गोलंदाज आले आणि झहीरचे दिवस संपले असे लोक बोलू लागले.

तत्त्वज्ञानात या बाबतीत फार जुना वाद आहे. प्लेटोला शरीर हा आत्म्याचा तुरुंग वाटला. सतराव्या शतकात देकार्तने मन आणि शरीर या दोन वेगळ्या वस्तू मानल्या. मात्र नाविक जसा बोटीत बसलेला असतो तसा मी शरीरात बसलेलो नाही, हे त्यालाही कबूल करावे लागले. बोटीला भोक पडले तर नाविकाला ते दिसते. माझा पाय मोडला तर मला तो नुसता दिसत नाही, मला दुखते. संत थॉमस अक्वायनस याच्याही पुढे जातात. त्यांच्या मते नुसता आत्मा म्हणजे मी नव्हे. देह आणि आत्मा मिळून जो एक माणूस होतो, तो मी. हे मला पटते. ते खरे असेल, तर शरीर मला दगा देऊ शकत नाही. दुखावले जाते ते शरीर नव्हे, मीच दुखावला जातो.

यावर कुणी म्हणेल, शब्द बदलल्याने दुखणे थोडेच कमी होते? दुखणे कमी होत नाही, पण माणूस त्या दुखण्याशी वागतो कसा, ते बदलते. दगाबाजावर आपण रागावतो, त्याला धडा शिकवतो. जो आपलाच आहे त्याचे ऐकून घेतो.

झहीरने २००६ साली हेच केले असे मला वाटते. तो इंग्लंडमध्ये वूस्टरशायर काउंटीकडून खेळायला गेला. तिथे त्या मोसमात त्याने काउंटी स्पर्धेत ७८ बळी घेतले. त्याने आपला रनअप आखूड केला. वेगवान गोलंदाज चेंडू टाकताना पुढचा पाय आपटतो, तेव्हा त्या एका पायावर शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार येतो, आणि हे दिवसात शंभरेक वेळा घडते. (मी स्वतः सेमिनरीत बारावा खेळाडू या पदाच्या वर कधी गेलो नाही, पण पाणी घेऊन जाताना गोलंदाजांचे चेहरे मी जवळून पाहिले आहेत.) वेगाचा हव्यास थोडा सोडून त्याने स्विंग, चेंडू हातात लपवणे, फलंदाजाला वाचणे यांवर मेहनत घेतली. २००७ साली ट्रेंट ब्रिजला त्याने नऊ बळी घेऊन भारताला कसोटी जिंकून दिली. तो विजय या नव्या गोलंदाजाचा होता. २०११ च्या विश्वचषकात त्याने २१ बळी घेतले. अंतिम सामन्यात त्याची सुरुवातीची पाच षटके कुणाला आठवत नाहीत? त्यांत तीन निर्धाव होती आणि धावा फक्त सहा गेल्या.

म्हणून 'फिट राहिला असता तर चारशे बळी घेतले असते' हे पारावरचे बोलणे मला पोकळ वाटते. तो न दुखावलेला झहीर कधी अस्तित्वातच नव्हता. जो होता तो याच मांडीचा, याच खांद्याचा होता, आणि त्याची कला त्याच मांडीने त्याला शिकवली.

पण इथे मला स्वतःलाच अडवले पाहिजे. दुखणे माणसाला घडवते, असे धर्मगुरूने सहज बोलून जाणे सोपे असते. २१ जुलै २०११ ला लॉर्ड्सवर झहीरने १३.३ षटकांत १८ धावा देऊन पडलेले दोन्ही बळी घेतले आणि लंगडत मैदान सोडले. त्या मालिकेत तो पुन्हा खेळला नाही. भारत ०-४ हरला. नंतर घोट्याची शस्त्रक्रिया झाली. यातून कोण काय शिकले? काही दुखणी नुसती दुखणीच असतात.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. झहीर मैदान सोडू शकला. डॉक्टर होते, फिजिओ होते, परतीची वाट होती. गळीत हंगामात आपल्या साखर कारखान्यांभोवती ज्या कोप्या पडतात, तिथे काय? नवराबायको मिळून एक कोयता. उचल आधीच घेऊन खर्च झालेली. खाडा पडला की पैसे कापणार. २०१९ मध्ये शेजारच्या बीड जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला. शासनाला चौकशीसाठी नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. खाडा पडू नये ही धास्ती त्यामागच्या कारणांपैकी एक होती. त्या भगिनीला 'शरीराचे ऐक' असे सांगणे म्हणजे तिची थट्टा आहे. तिला ऐकू येते. थांबणे परवडत नाही. तिथे प्रश्न तिच्या सोशिकपणाचा उरत नाही. खाडा कोण कापतो, उचल कोण वसूल करतो, आणि ती साखर चहात घालणारे आपण काय विचारतो, हा प्रश्न उरतो.

आपल्या घरांतही हे थोड्या प्रमाणात चालतेच. आई ताप अंगावर काढते आणि आपण तिच्या सहनशक्तीचे कौतुक करतो. ते कौतुक आपल्याला स्वस्तात पडते. घरचा मुलगा कंबर दुखते म्हणाला तर मात्र लगेच 'नाटके करतो' म्हणतो. दुखते हे खरे सांगणाऱ्याचा जिथे अपमान होतो, तिथे माणसे दुखणे लपवायला शिकतात.

झहीरची शेवटची कसोटी फेब्रुवारी २०१४ मध्ये वेलिंग्टनला झाली. ब्रेंडन मॅकलमने त्रिशतक ठोकले, आणि पस्तिशीतल्या झहीरने एका डावात ५१ षटके टाकून १७० धावांत पाच बळी घेतले. त्यानंतर दीड वर्ष तो परतायची तयारी करत राहिला. १५ ऑक्टोबर २०१५ रोजी त्याने आंतरराष्ट्रीय निवृत्ती जाहीर केली. कारण साधे होते: रोजची अठरा षटके हा खांदा आता पेलणार नाही, हे त्याला सरावातच कळले होते. चार षटके मात्र तो खांदा पेलत होता. २०१६ आणि २०१७ मध्ये आयपीएलमध्ये दिल्लीचा कर्णधार म्हणून तो तेवढीच टाकत राहिला.