गरजेची मर्यादा

परमेश्वराने मनुष्याला पशुपक्ष्यांवर सत्ता दिली, असे आपण उत्पत्तीच्या पुस्तकात वाचतो. या सत्तेला मर्यादा आहे काय? प्रयोगशाळेतील एका साधनाच्या निमित्ताने हा प्रश्न तपासून पाहू.

नीट निर्जंतुक न केलेल्या डबाबंद अन्नात बॉट्युलिनमचे जिवाणू वाढतात व विष निर्माण करतात. त्याच्या अत्यल्प मात्रेनेही श्वासाचे स्नायू लुळे पडतात. हे विष ओळखण्याची प्रमाण मानलेली रीत अनेक दशके एकच होती : अन्नाचा अर्क उंदरांना टोचायचा आणि ते मरतात का, हे पाहायचे.

१९७५ साली केंब्रिज येथे सेझार मिलस्टाइन व जॉर्ज कोहलर यांनी निराळी वाट दाखवली. त्यांच्या पद्धतीने निर्विष केलेले विष उंदराला टोचून त्याच्या प्लीहेतील प्रतिपिंड बनवणाऱ्या पेशी कर्कपेशींशी जोडता येतात. ही संकरित पेशी वाढत राहते व एकाच जातीचे प्रतिपिंड देत राहते. ते नेमके तेच विष ओळखून त्याला चिकटते. मग तबकडीवर उमटलेला रंगच विषाची साक्ष देतो. या संशोधनाला १९८४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

तरीही प्राण्यांचा छळ संपला नाही. भरपूर प्रतिपिंड मिळावे म्हणून या पेशी उंदरांच्या पोटात वाढवल्या जात. पुढे त्या काचपात्रात वाढवता येऊ लागल्या. जिवाणूंना ग्रासणाऱ्या विषाणूंच्या साहाय्याने, प्राण्याला काही न टोचताही प्रतिपिंडे मिळवता येऊ लागली. त्या कार्यासाठी जॉर्ज स्मिथ व ग्रेगरी विंटर यांना २०१८ साली नोबेल लाभले.

१९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाची भूमिका स्पष्ट आहे. मानवी जीव वाचवण्यास साहाय्यभूत होणारे प्राण्यांवरील प्रयोग वाजवी मर्यादेत ग्राह्य आहेत. परंतु प्राण्यांना विनाकारण यातना देणे मानवी प्रतिष्ठेला शोभणारे नाही.

कोणी म्हणेल, बालकाच्या जिवापुढे उंदराची काय मातब्बरी? ख्रिस्तसभाही दोघांना एका पारड्यात तोलत नाही. नवी चाचणी विष हेरण्यात कमी पडत असेल, तर जुनी सोडण्याची घाई करणे हा माणसाच्या जिवाशी खेळ ठरेल. परंतु बालक दोन्ही वाटांनी सारखेच सुरक्षित राहत असेल, आणि दुसरी वाट केवळ खर्चाची किंवा अंगवळणी न पडलेली म्हणून टाळली जात असेल, तर आपण ‘गरज’ हा शब्द सोयीच्या अंगावर पांघरत असतो.

ज्यांच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता, त्या पूर्वसूरींना दोष देण्याचे कारण नाही. मार्ग सापडल्यानंतर मात्र जबाबदारी वाढते. ज्याला अधिक दिले त्याच्याकडून अधिक मागितले जाईल, ही प्रभू येशूची शिकवण ज्ञानालाही लागू आहे. गरज म्हणजे एकदा मिळालेला कायमचा परवाना नव्हे. ज्ञानात भर पडेल तसतशी तिची मर्यादा आकुंचन पावते, आणि ती पुन्हा पुन्हा तपासणे हे सद्सद्विवेकाचे काम आहे. सत्ता मिळाली ती राखणदाराची. मालक तो परमेश्वरच.