सोमवारचं पाठांतर, गुरुवारचं मैदान

आजचा शास्त्रभाग: अनुवाद 6:6-7, निर्गम 20:16, इफिसकरांस पत्र 4:32



अनुवादाच्या या वचनांत मोशे एक क्रम सांगतो. देवाची आज्ञा आधी मोठ्यांच्या हृदयात हवी, मग ती मुलांना शिकवायची. आणि शिकवायची कुठे? फक्त उपासनेत नाही, तर घरात, रस्त्यावर, रात्री अन् सकाळीही. हे रोजच्या जगण्यात कसं दिसतं, ते आज लुथरन प्राथमिक शाळेच्या एका आठवड्यातून पाहू.

1528 साली मार्टिन लुथर सॅक्सनीतल्या मंडळ्यांची पाहणी करत होता. लोकांचा बाप्तिस्मा झालेला होता, पण कित्येकांना दहा आज्ञा, विश्वासांगीकार आणि प्रभूची प्रार्थनाही येत नव्हती. काही पाळकांनाही धड शिकवता येत नव्हतं. म्हणून 1529 मध्ये त्याने ‘लहान कॅटेकिझम’ लिहिला. तो आधी भिंतीवर लावायच्या तक्त्यांच्या रूपात छापला गेला, कारण तो घरातल्या लेकरांसाठी होता. त्यात प्रत्येक आज्ञेनंतर तिचा अर्थ विचारणारा छोटासा प्रश्न येतो आणि मग सोपं उत्तर. नुसतं पाठ करून सुटका नाही!

जर्मन स्थलांतरितांनी हीच शिकवण अमेरिकेत नेली. 1847 मध्ये मिझुरी सिनड स्थापन झालं, तेव्हापासून त्यांच्या मंडळ्यांनी चर्चसोबत शाळाही चालवल्या. आजही अशा शाळांत गणित, विज्ञान, वाचन यांच्याबरोबर पाठांतर असतं. साधारण आठवडा असा जातो: सोमवारी नवं वचन किंवा कॅटेकिझमचा भाग मिळतो. रोज थोडा थोडा म्हणायचा. मधल्या एका दिवशी, पुष्कळदा बुधवारी, सगळी शाळा उपासनेला एकत्र बसते आणि मुलं मिशनकार्यासाठी आपली नाणी दानात टाकतात. शुक्रवारपर्यंत पाठ शिक्षकांना म्हणून दाखवायचा.

आता समजा, या आठवड्याचा पाठ आहे खोटी साक्ष न देण्याची आज्ञा. आपण तिला नववी म्हणतो, लुथरन मोजणीत ती आठवी. लुथरचं स्पष्टीकरण फक्त “खोटं बोलू नका” एवढ्यावर थांबत नाही. तो म्हणतो, शेजाऱ्याची बाजू घ्या, त्याच्याबद्दल चांगलं बोला आणि त्याच्या वागण्याचा होईल तितका चांगला अर्थ लावा.

सोमवारी हे फळ्यावर छान दिसतं. गुरुवारी मधल्या सुट्टीत कुणीतरी ओरडतं, “बाई, याने मला मुद्दाम ढकललं!” ‘मुद्दाम’ हा शब्द आला की पाठाची खरी परीक्षा सुरू होते. तुला नक्की माहीत आहे का, की त्याने मुद्दाम केलं? त्याचा पाय घसरला असेल का?

आणि खरंच मुद्दाम ढकललं असेल तर? मग ढकलणाऱ्याने चूक मान्य करून क्षमा मागायची. इथे अशा अनेक वर्गांत मुलांना एक सुंदर सवय लावतात. समोरच्याने ‘इट्स ओके’ म्हणायचं नाही, “मी तुला क्षमा करतो” असं म्हणायचं. फरक लहान वाटतो, पण सगळी सुवार्ता त्यात आहे. ‘इट्स ओके’ म्हणजे काही झालंच नाही. क्षमा म्हणजे झालं ते चुकीचंच होतं, तरी मी ते तुझ्या खात्यावर ठेवत नाही, कारण ख्रिस्ताने माझंही ठेवलं नाही. आपलं पाप देवाने ‘चालतं’ म्हणून सोडून दिलं नाही. त्याची किंमत वधस्तंभावर दिली गेली.

मित्रांनो, आपलं मैदान म्हणजे ऑफिसचा ग्रुप. मीटिंगला न आलेल्या सहकाऱ्याबद्दल कुणीतरी लिहितं, “हा नेहमी असंच करतो,” आणि खाली हसणाऱ्या इमोजी पडू लागतात. तिथे एखाद्याचं नाव, कधी त्याची नोकरीही पणाला लागते. त्या क्षणी कुणी बायबल ॲप उघडून वचन शोधत बसत नाही. जे आधीच आत आहे, तेच ओठांवर येतं. सकाळी नोटिफिकेशनमध्ये आलेलं वचन लाइक करून पुढे सरकवलं, तर दुपारी ते कुठून आठवणार?

पाठांतर म्हटलं की आपल्याला परीक्षेची घोकंपट्टी आठवते. ती पेपर संपला की विसरायची असते. वचनाचं पाठांतर उलट असतं. त्याचा पेपर पाठ झाल्यावर सुरू होतो.

म्हणून या आठवड्यात रोज नवं वचन नको. इफिसकरांस पत्र 4:32 हे एकच घ्या. आज पाठ करा. उद्या स्वतःला विचारा, याचा माझ्यासाठी अर्थ काय? परवा ते घरात कुणाला तरी म्हणून दाखवा, लहान मूल असेल तर त्यालाच. आणि आठवडा संपायच्या आत कुणी “सॉरी” म्हणालं, तर ‘इट्स ओके’ म्हणून विषय उडवू नका. स्पष्टपणे क्षमा करा.

प्रार्थना: हे प्रेमळ बापा, तुझं वचन आमच्या फोनमध्ये आहे, ते आमच्या हृदयातही राहू दे. जे समोर नाहीत त्यांची बाजू घ्यायला आम्हाला धैर्य दे. तू ख्रिस्तामध्ये आम्हाला जशी क्षमा केलीस, तशी आम्हालाही करायला शिकव. शाळेत लेकरांना तुझं वचन शिकवणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला बळ दे. प्रभू येशूच्या नावाने मागतो, आमेन.