बहिर्जीला पडद्यावर कोण आणणार?

जून २०२५ मध्ये पुढचा बाँडपट डेनी विलनव्ह करणार असं जाहीर झालं आणि ऑगस्टमध्ये 'वॉर २' आला. तेव्हापासून छत्रपती संभाजीनगरातल्या पोरांच्या वादाला खळ नाही. प्रोझोनच्या पार्किंगमध्ये सुरू झालेलं भांडण चहाच्या टपरीपर्यंत पुरतं. अयान मुखर्जीनं वाट लावली, सिद्धार्थ आनंदलाच परत बोलवा. 'ड्यून' करणाऱ्याला बाँड जमेल कशावरून? नोलनला का नाही घेतलं? या भांडणात हौस आहे, जाणही आहे. मला मात्र वाटतं, पोरं भलत्याच माणसावरून भांडतायत.

बाँडपटांचाच इतिहास बघा. १९८१ ते १९८९ या काळातले सलग पाच चित्रपट जॉन ग्लेननं केले. त्याआधी तो याच मालिकेत संकलन करायचा आणि सेकंड युनिट सांभाळायचा. १९६९ चा बाँडपट करणारा पीटर हंटही संकलनाच्या टेबलावरून उठून दिग्दर्शकाच्या खुर्चीत आला होता. स्पीलबर्गला बाँड करायची फार इच्छा होती, त्याला तो मिळाला नाही. डॅनी बॉयलला मिळाला, पण पटेना म्हणून २०१८ मध्ये तो निघून गेला. बाँडपटांचे निर्माते असलेल्या ब्रोकोलींच्या घरी दिग्दर्शक हा पाहुणा. किल्ल्या घरच्यांच्या कमरेला. त्यामुळे २०२५ ची मोठी बातमी जूनमधली नव्हतीच. ती फेब्रुवारीत येऊन गेली होती: मायकल विल्सन आणि बार्बरा ब्रोकोली यांनी बाँडची सर्जनशील सूत्रं अ‍ॅमेझॉन एमजीएमच्या हवाली केली. त्या दिवशी टपरीवर कुणी भांडल्याचं माझ्या कानावर आलं नाही.

यशराजच्या हेरपटांचंही तेच. 'एक था टायगर' कबीर खानचा, 'टायगर जिंदा है' अली अब्बास जफरचा, 'वॉर' आणि 'पठाण' सिद्धार्थ आनंदचे, 'टायगर ३' मनीश शर्माचा. दिग्दर्शक बदलत गेले. 'टायगर ३' आणि 'वॉर २' या दोन्हींच्या कथेवर मात्र नाव एकच, आदित्य चोप्रा. 'टायगर ३' १२ नोव्हेंबर २०२३ ला, ऐन लक्ष्मीपूजनाच्या दिवशी लागला तेव्हा मालेगावच्या मोहन सिनेमात पोरांनी खेळ चालू असताना आत फटाके लावले. पोलिसांत गुन्हा दाखल झाला. फटाके लावणाऱ्यांपैकी किती जणांना मनीश शर्मा ठाऊक होता, हे मी पैजेवर सांगू शकतो.

तरीही दिग्दर्शकाला अगदीच मोडीत काढता येत नाही. मार्टिन कॅम्पबेलनं १९९५ मध्ये 'गोल्डनआय'मधून पिअर्स ब्रॉस्ननचा बाँड उभा केला आणि २००६ मध्ये 'कॅसिनो रॉयल'मधून डॅनिएल क्रेगचा. दोन्ही वेळा मालिका थकलेली होती आणि दोन्ही वेळा ती चालती झाली. गाडा रुळावर असताना दिग्दर्शक कोण याने फारसं बिघडत नाही. सगळं नव्यानं मांडायचं असतं तेव्हा बिघडतं.

म्हणूनच ही चर्चा मला आपल्याकडे ओढून आणावीशी वाटते. मराठीत गोष्ट नेमकी उलटी झाली आहे. आपला हेर म्हणजे शिवाजी महाराजांचा बहिर्जी नाईक. दिग्पाल लांजेकरांच्या 'फर्जंद'मध्ये (२०१८) तो प्रसाद ओकनं केला, 'फत्तेशिकस्त'मध्ये (२०१९) हरीश दुधाडेनं. हेर बदलला, लेखक-दिग्दर्शक तोच राहिला. लांजेकरांनी प्रेक्षक थिएटरात आणला, हे श्रेय त्यांचंच. पण त्यांच्या पटात बहिर्जी लढाईच्या सेवेला असतो: वेश पालटून येतो, बातमी देतो आणि तलवारींना वाट करून देतो. बातमी मिळाली कशी, यात त्या चित्रपटांना फारसा रस नाही. खरा हेरपट तर तिथेच आहे.

त्यासाठी आमच्या शहराएवढी जागा दुसरीकडे सापडणं कठीण. शाहिस्तेखान दख्खनचा सुभेदार होऊन आला तो इथेच, तेव्हाच्या औरंगाबादेत, आणि इथून पुढे पुण्यावर गेला. १६६३ च्या एप्रिलमध्ये लाल महालात बोटं गमावून तो परतला तोही याच शहरात. सुभ्याचं ठाणं म्हणजे फौजेचा दाणागोटा, पगाराच्या थकबाकीची कुजबुज, सरदारांची आपसातली धुसफूस. अशा गावात गोसावी किंवा फकीर होऊन सहा महिने बसलेला माणूस, भडकल दरवाजातून कोणते उंट किती ओझं घेऊन गेले एवढंच मोजणारा, हा नायक मला पाहायचा आहे. बहिर्जीविषयी खात्रीची माहिती अगदी थोडी. सुरतेच्या लुटीच्या संदर्भात सभासदाच्या बखरीत त्याचं नाव येतं. समाधी सांगली जिल्ह्यातल्या बाणूरगडावर दाखवतात. चांगल्या हेराचे कागद कमीच सापडायचे, आणि पटकथेला तेवढी मोकळीक.

मग दिग्दर्शक कोण? टपरीवर मी परेश मोकाशींचं नाव घेतलं तर पोरं हसतील. 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' करणारा माणूस आणि हेरपट? पण त्यांचा 'वाळवी' (२०२३) आठवा. काटेकोर आखलेला एक बेत, त्यातली एकच गोष्ट हुकते आणि पुढचा सगळा वेळ माणसं घाम पुसत सारवासारव करत राहतात. त्यात ताण आहे, हसूही आहे, आणि हे सगळं हाणामारीच्या टेकूशिवाय. पकडला गेलो तर काय सांगायचं याची मनातल्या मनात उजळणी करणारा जासूद याच हातांना जमेल. ऐतिहासिकाचा भव्यपणा त्यांच्या स्वभावात नाही, आणि माझ्या लेखी ती जमेची बाजू आहे.

पैसे कोण घालणार हा प्रश्न आहेच. घोडदळ नसलेला शिवकालीन चित्रपट ऐकून निर्माता आधी चहा मागवेल. पण त्याहून मोठं भांडण नटाशी होईल. ज्याच्या एंट्रीला शिट्ट्या पडल्या की त्याचं काम फसलं, अशी भूमिका स्वीकारायला मराठीतला कोणता स्टार तयार होतो, ते बघायचं.