अनुमान आणि श्वास

केसांना काळा रंग लावावा की नाही, हा वाद येथे नको. प्रश्न आहे तो रंगाची पूड कालवताना उडणारी धूळ ओढणाऱ्या कारागिराचा. ‘काळी मेंदी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळ पुड्यांत पॅराफेनिलीनडायअमाइन असते. त्वचेला होणारी त्याची बाधा सुपरिचित आहे; श्वासावाटे किती मात्रा घातक, हे मात्र बरेचसे अनुमानानेच ठरवावे लागते. पोटात गेलेल्या मात्रेवरून हिशेब मांडावा, तर पोटातले विष आधी यकृतातून जाते. श्वासाच्या वाटेवर तो पहारेकरी नाही. म्हणून तज्ज्ञ आलेला आकडा सावधगिरीने आणखी खाली आणतात. अमेरिकेत कामाच्या जागी घनमीटर हवेत ०.१ मिलिग्रॅम एवढीच मुभा आहे.

विक्रेता म्हणेल, हा केवळ कयास. आणि ज्ञानावाचून कशाच्या मागे लागू नये, अशी कुरआनची शिकवण आहे. युक्तिवाद चतुर खरा! परंतु अनोळखी मुलखातला प्रवासी शक्य तो शोध घेऊन किब्ल्याची दिशा ठरवतो आणि त्याची नमाज अदा होते. प्रबळ अनुमानावर अंमल करणे फिकहला मान्य आहे. शिवाय संशयाचा भार वाहायचा कोणी? नफा घेणाऱ्याने, की मालकाला ‘नको’ म्हणू न शकणाऱ्या पोराने? पुडीऐवजी तयार लेप आणणे आणि खिडकी उघडी ठेवणे मालकाच्याच हाती आहे.