घरांतील धंदा आणि घरचा वेळ

घरीं बसून धंदा करणारास वेळ पुरत नाहीं, ही तक्रार सर्वत्र ऐकूं येते. कारण उघड आहे. कचेरीला दार असतें. तें बंद झालें कीं दिवसाचें काम संपलें. घरांतील धंद्यास असें दार नसतें. स्वयंपाक चालूं असतां गिऱ्हाईक येतें आणि हिशेबाच्या वहीवर लेकराचा हात पडतो.

१९५९ सालीं मुंबईस गिरगांवांत ७ गृहिणींनीं ८० रुपये उसने घेऊन पापडांचा उद्योग आरंभिला. तोच पुढें 'लिज्जत' या नांवानें देशभर पसरला. त्यांतील एक व्यवस्था विचार करण्याजोगी आहे. पीठ केंद्रांत मळलें जातें. भगिनी तें घरीं नेऊन पापड लाटतात आणि दुसऱ्या दिवशीं केंद्रांत देऊन मोबदला घेतात. कामाचा आरंभ व अखेर ठरलेली. मधल्या कोणत्या घटकेस लाटावें, हें जिचें तिनें ठरवावें.

परंतु ती मधली घटका तिची राहते काय? घरीं आहे म्हणजे रिकामीच आहे, अशा समजुतीनें जो तो तिच्या वेळावर हक्क सांगतो. मग धंद्याचा वेळ ती झोपेंतून काढते, आणि आपण तिच्या टापटिपीचे गोडवे गातों! दुसऱ्याच्या झोपेवर उभी असलेली ही टापटीप न्याय्य म्हणतां येईल काय? गृहोद्योगाचा पैसा साऱ्या घरास चालतो. तेव्हां त्याचा वेळही साऱ्या घरानें दिला पाहिजे. पाण्याचा तांब्या आपला आपण भरून घेणें, हा त्याचा पहिला हप्ता होय.